विश्लेषण : जखमेवर हळद लावावी की नाही? आजीच्या बटव्यातले काय टिकते आणि काय अंगाशी येते?

भाजण्याच्या जखमांविषयी जागतिक आरोग्य संघटनेचे एक माहितीपत्रक आहे. प्रथमोपचार करताना काय करावे आणि काय टाळावे, याच्या दोन छोट्या याद्या त्यात दिल्या आहेत. टाळायच्या यादीत लेप, तेल आणि कच्चा कापूस यांच्याबरोबर आणखी एक शब्द आहे. इंग्रजी मजकुरातही तो ‘हल्दी’ असाच छापला आहे. जगभरासाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये आपल्या स्वयंपाकघरातला शब्द जसाच्या तसा यावा, याचा अर्थ सरळ आहे. भाजल्यावर हळद लावून दवाखान्यात येणारे रुग्ण इतके आहेत, की संघटनेला तो वेगळा लिहावा लागला.

हीच ती हळद, जिच्या जखम भरण्याच्या गुणावरून भारताने अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात लढा दिला आणि जिंकला. तो निकाल आला तेव्हापासून ‘हळदीचे औषधी गुण अमेरिकेनेही मान्य केले’ हे वाक्य भाषणांत, शाळेच्या निबंधांत आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. मग एकीकडे विजय आणि दुसरीकडे मनाई, असे का?

खटला नेमका कशाचा होता?

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळदीचा वापर’ या शीर्षकाचे पेटंट मिळाले. संशोधक दोघे होते आणि दोघेही भारतीय वंशाचे. जखमेवर हळद लावणे किंवा पोटातून देणे, असा त्यांचा दावा होता. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. मूळचे गोव्यातील माशेलचे, मुंबईत शिकलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून दिल्लीला गेलेले. परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले. संस्कृत, उर्दू, हिंदी असे जुने ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा एक शोधनिबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

हा निकाल महत्त्वाचा होता यात शंका नाही. पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह करण्याचे काम पुढे २००१ मध्ये सुरू झाले, त्यामागे हाच धडा होता. पण पेटंट कार्यालयापुढचा प्रश्न एवढाच होता, की ही कल्पना नवी आहे का? ‘नाही, भारतात ती पूर्वापार माहीत आहे’ असे उत्तर मिळाले. हळदीने जखम बरी होते का, किती दिवसांत होते, कोणत्या जखमेवर लावावी आणि कोणत्या नाही, यातले काहीही तिथे तपासले गेले नाही. ते पेटंट कार्यालयाचे कामही नव्हे.

हळदीच्या डब्यात काय असते?

हळदीचा पिवळेपणा ज्या द्रव्यामुळे येतो, ते करक्युमिन. सुक्या हळदीत त्याचे प्रमाण साधारण दोन ते पाच टक्के असते. प्रयोगशाळेतील बशीत ते जंतूंची वाढ रोखते, सूज आणणाऱ्या काही रसायनांना अडवते, हे अनेकदा दिसले आहे. मात्र ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि लवकर विघटित होते. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’ने करक्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा छापला. हे द्रव्य अनेक चाचण्यांत फसवे ‘होकारार्थी’ निकाल देते आणि माणसांवरच्या काटेकोर चाचण्यांत त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही, असा त्याचा सूर होता.

दुसरी गोष्ट साधी आहे, पण तिच्याकडे कुणी पाहत नाही. सांगलीत हळद कशी तयार होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ती लगेच कळेल. जमिनीखालचा कंद काढायचा, शिजवायचा, उघड्यावर उन्हात कित्येक दिवस वाळवायचा, पॉलिश करायचा आणि दळायचा. भाजीत घालायला ही पूड उत्तम. पण मातीतल्या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळात टिकून राहणारी त्यांची कवचबंद अवस्था, शिजवण्यातूनही वाचतात आणि वाळवण्याच्या खळ्यावर नव्याने मिसळतात. जगभर मसाल्यांच्या तपासणीत असे बीजाणू सापडणे ही नित्याची बाब आहे. त्यात भेसळ वेगळीच. पिवळी झळाळी यावी म्हणून हळदीला लेड क्रोमेट फासले जाते, हे बांगलादेशात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उघड केले. म्हणजे शिशाचे संयुग.

बोटाला सुरी जरा लागली, रक्त दोन मिनिटांत थांबले, वर चिमूटभर हळद दाबली, तर बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. पूड ओलावा शोषते, वरून दाब बसतो आणि रक्त थांबते. श्रेय हळदीला मिळते. खरे काम दाबाने आणि शरीराने केलेले असते. भाजलेल्या जागेचे गणित मात्र वेगळे आहे. तिथे त्वचेचे कवच मोठ्या भागावर नाहीसे झालेले असते. त्यात भरलेली पूड नंतर खरवडून काढावी लागते आणि पिवळ्या रंगाखाली भाजणे किती खोल आहे, हे डॉक्टरांनाही दिसत नाही.

भाजल्यावर पहिली २० मिनिटे

भारतात वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. किरकोळ भाजण्याची तर मोजदादच नाही. कुकरची वाफ, फोडणीचे तेल, अंगावर सांडलेला चहा, इस्त्री, दुचाकीचा सायलेन्सर, दिवाळीत पाऊस आणि भुईचक्र.

यावर पहिला उपाय फुकट आहे. नळाखाली वाहते, साधे गार पाणी २० मिनिटे. बर्फ नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा आणखी खोल जाते. २० मिनिटे का, तर चटका बसल्यावर हात बाजूला घेतला तरी उष्णता लगेच निघून जात नाही. गॅसवरून उतरवलेला तवा जसा बराच वेळ तापलेला राहतो, तशी ती त्वचेच्या आतल्या थरांत राहते आणि आजूबाजूच्या पेशी मारत जाते. वाहते पाणी ती सतत बाहेर काढत राहते. साचलेले पाणी स्वतःच कोमट होते, म्हणून वाटीत बोट बुडवून बसण्यापेक्षा नळ बरा. अपघातानंतर तीन तासांपर्यंत पाणी धरल्याचा फायदा होतो, असे ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील मार्गदर्शक सूचना सांगतात. नळाला पाणी येत नसेल, तर तांब्याने सावकाश ओतत राहावे. लहान मूल मोठ्या भागावर भाजले असेल, तर फक्त भाजलेल्या भागावर पाणी घालावे आणि बाकीचे अंग पांघरुणाने उबदार ठेवावे. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. फोड फोडू नयेत.

टूथपेस्ट, कॉफीची पूड, शाई, तूप, अंड्याचा पांढरा बलक, गव्हाचे पीठ. प्रत्येक घराचा यातला एक लाडका उपाय असतो. टूथपेस्ट लावल्यावर गार वाटते हे खरे आहे, कारण तिच्यातला मेंथॉल त्वचेतील थंडी जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो. जागेचे तापमान त्याने उतरत नाही. तुपा-तेलाचा थर उलट उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आणि या सगळ्या धावपळीत जी वेळ नळाखाली जायला हवी होती, ती डबे शोधण्यात जाते. नुकसान होते ते मुख्यतः इथे.

केळीचे पान आणि बटाट्याची साल

घरगुती वस्तूंचा जखमेला काहीच उपयोग नसतो, असे मात्र मुळीच नाही. याची सर्वांत चांगली उदाहरणे मुंबईतच घडली.

भाजलेल्या जागेवर साधी गॉझपट्टी बांधली, की ती सुकते आणि जखमेला चिकटते. पट्टी बदलताना नवी आलेली कोवळी त्वचाही तिच्याबरोबर ओरबाडून निघते. भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात पट्टी बदलण्याची वेळ म्हणजे काय असते, हे तिथल्या आयांना विचारावे. न चिकटणाऱ्या आधुनिक पट्ट्या मिळतात, पण त्या महाग. परळच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी आणि सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून पाहिली आणि १९८५ मध्ये ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात तिचा प्राथमिक अहवाल मांडला. साल ओलावा धरून ठेवते आणि जखमेला चिकटत नाही, हे तिचे बलस्थान. स्वस्त तर होतीच.

पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी केळीचे पान घेतले. मेणचट, गुळगुळीत, रुंद आणि वर्षभर मिळणारे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनेत केळीचे पान आणि बटाट्याची साल या दोन्ही पट्ट्या जखम झाकणे, रुग्णाला आराम आणि नवी त्वचा येणे या बाबतींत सारख्याच ठरल्या. खर्चात मात्र बटाट्याची साल केळीच्या पानाच्या ११ पट महाग पडली. परदेशी पट्ट्यांशी तुलना तर सोडाच.

ही बातमी ‘भाजल्यावर केळीचे पान बांधा’ अशी पुढे गेली, तर घोटाळा होईल. रुग्णालयात वापरलेले पान ऑटोक्लेव्हमधून काढलेले होते. म्हणजे दाबाखालील वाफेत, साधारण १२१ अंश सेल्सियसला निर्जंतुक केलेले. पाणी १०० अंशांना उकळते आणि तेवढ्या तापमानाला सगळे बीजाणू मरत नाहीत. दाब वाढवला, की वाफेचे तापमान वाढते आणि ते मरतात. (घरचा कुकरही दाबाच्या बाबतीत फार मागे नसतो. पण त्यातून काढलेले पान ज्या ओट्यावर ठेवायचे आणि ज्या हाताने उचलायचे, ते निर्जंतुक नसतात.) पान तेच, झाडही परसातलेच. मधल्या अर्ध्या तासाच्या प्रक्रियेने त्याचे औषध केले.

आयुर्वेदाच्या ग्रंथांतही कच्चा माल आणि औषध यांत असाच फरक आहे. भाजल्यावर तूप लावा, असे सांगणाऱ्याच्या मनात बहुधा ‘शतधौत घृत’ असते. ते शंभर वेळा पाण्याने धुऊन, घोटून, पांढरे मलम करून वापरायचे असते. बरणीतून चमचाभर काढलेले तूप ते नव्हे.

सोलापूरचा मध

मधाची बाजू हळदीपेक्षा भक्कम आहे आणि त्यातही महाराष्ट्राचा हात आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास छापला. निम्म्यांना मध, निम्म्यांना तेव्हाचे प्रचलित सिल्व्हर सल्फाडायझिन मलम. मधाच्या गटातील जखमा लवकर निर्जंतुक झाल्या आणि लवकर भरल्या.

याचे कारण मधाच्या रचनेत आहे. त्यात पाणी जेमतेम १७-१८ टक्के आणि बाकी जवळपास सगळी साखर. त्यामुळे जिवाणूंच्या पेशीतलेच पाणी तो ओढून घेतो. तो आम्लधर्मी असतो. शिवाय मधमाशीच्या शरीरातून आलेले एक विकर जखमेच्या ओलाव्यात हळूहळू, अगदी सौम्य प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहते. कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यानुसार मध्यम खोलीच्या भाजण्यात मधामुळे जखम काही रूढ पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस आधी भरते. इतर बहुतेक जखमांबाबत पुरावे कमकुवत आहेत, असेही तोच आढावा म्हणतो.

आता दुकानातल्या बाटलीकडे यायचे. औषधी पट्ट्यांतील मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. तापवला, तर ते विकर नष्ट होते, म्हणून किरणे. बाजारातला मध बहुधा तापवून गाळलेला असतो. तो मध आहे की नाही, हाही प्रश्न आहेच. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडचे नमुने तपासले, तेव्हा सगळ्या कसोट्यांत तीनच ब्रँड उतरले. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, हे यानिमित्ताने पुन्हा सांगायला हवे. मधातील बोटुलिनमचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजून जिवावर बेतू शकते.

कोरफड, दगडी पाला, तुरटी

कोरफडीच्या गराने किरकोळ भाजणे लवकर बरे होते, असे काही छोट्या चाचण्या सांगतात. पण पात कापल्यावर सालीलगत जो पिवळा, कडवट चीक निघतो, तो त्वचेला झोंबतो. पात उभी धरून तो आधी निथळू द्यावा. दगडी पाला किंवा एकदांडी, म्हणजे खरचटले की गावाकडची पोरे चोळून पिळतात ते पिवळ्या-पांढऱ्या फुलाचे तण, प्राण्यांवरच्या प्रयोगांत काहीसे आश्वासक आहे. माणसांवर मोठ्या चाचण्या नाहीत. हे ‘आपले’ झाड मूळचे अमेरिका खंडातले आहे, ही गंमत वेगळीच. तुरटी मात्र निर्विवाद आहे. दाढी करताना लागलेल्या बारीक कापांवर ती रक्तातील प्रथिने साकळवते आणि रक्त थांबते. न्हाव्याच्या दुकानातला खडा दहा जणांच्या गालावरून फिरलेला नसला, म्हणजे झाले.

बिब्बा का उततो?

‘कामात बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार मराठीत उगाच आलेला नाही. काटा रुतला, कुरूप झाले, टाचेला भेगा पडल्या, मुका मार लागला, की बिब्बा तापवून त्याचे काळे तेल लावायचे, ही ग्रामीण महाराष्ट्रातली जुनी रीत. अनेकांना त्याचे काही होत नाही. काहींना मात्र तो उततो. दोन दिवसांनी जागा लाल होते, खाज सुटते, पाणी भरलेले फोड येतात. हात लागेल तिथे, चेहऱ्यावर, पापण्यांवरही ते पसरतात.

बिब्बा हा आंबा आणि काजू यांच्या कुळातला. त्याच्या तेलातील द्रव्ये अमेरिकेतील ‘पॉयझन आयव्ही’ या कुप्रसिद्ध वेलीच्या विषाची सख्खी भावंडे आहेत. त्यांची अ‍ॅलर्जी पहिल्या वेळी बहुधा दिसत नाही. शरीर तेव्हा ते द्रव्य ‘ओळखून’ ठेवते आणि पुढच्या वेळी तुटून पडते. म्हणून ‘मागे लावला होता, काही झाले नव्हते’ या युक्तिवादाला इथे किंमत नाही. धोबी कपड्यांवर खुणा करायला याच बिब्ब्याची शाई वापरत. त्या खुणेला त्वचा घासून उठणारे चट्टे ब्रिटिश सैनिकांत इतके आढळले, की त्या त्वचारोगाला धोब्याचेच नाव पडले. आयुर्वेदात बिब्बा, म्हणजे भल्लातक, औषध आहे. पण विटेच्या चुऱ्यात घोळून तेल काढण्यासारखे शोधन केल्याशिवाय तो वापरायचा नाही, असा तिथे दंडक आहे. आठवडी बाजारात घेतलेल्या बिब्ब्यावर हे कोण करते?

कच्च्या लसणाचेही असेच. चामखीळ किंवा नायट्यावर लसूण ठेचून रात्रभर बांधला, की सकाळी रासायनिक भाजणे दिसते. लिंबू लावून उन्हात गेल्यास काळे डाग आणि फोड येतात. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य त्वचेला ठाऊक नसते.

‘उघडी ठेव, खपली धरू दे’

हा सल्ला प्रत्येकाने ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवर सारख्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही पातळ प्लास्टिकने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. नव्या पेशींना कडेकडून मध्याकडे सरकत जायचे असते. खपली असली, की त्यांना तिच्याखालून वाट काढत जावे लागते. आजच्या बहुतेक आधुनिक पट्ट्या या एका निरीक्षणावर उभ्या आहेत. खरचटले असेल तर पिण्याच्या पाण्याने धुवावे, दिसणारी माती-खडी काढावी, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि स्वच्छ पट्टी लावावी. धुण्यासाठी सलाइन हवे असे नाही. नळाचे पिण्यायोग्य पाणी वापरल्याने संसर्ग वाढत नाही, असे कॉक्रेनचे आढावे सांगतात. पाण्याची खात्री नसेल तर उकळून गार केलेले घ्यावे. स्पिरिट किंवा न मिसळलेले जंतुनाशक ओतल्याने झोंबते ते जंतू मरतात म्हणून, अशी समजूत आहे. त्यात जखमेच्या नव्या पेशीही मरतात.

माती, राख, शेण

जखमेवर माती दाबणे, चुलीतली राख किंवा शेण लावणे यांवर चर्चेची गरज नाही. धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू माती आणि शेणात असतात. बाळाच्या नाळेला शेण किंवा राख लावण्याची प्रथा आणि नवजात बालकांचा धनुर्वात यांचा संबंध जुना आहे. लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांच्या बळावर माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याची मोहोर भारतावर २०१५ मध्ये उमटली. बीजाणू मात्र जमिनीत आहेत तिथेच आहेत. गंजलेला खिळा धोकादायक ठरतो तो गंजामुळे नव्हे. तो खोल आणि अरुंद भोक पाडतो, जिथे हवा पोहोचत नाही आणि हे जिवाणू हवेशिवायच वाढतात. इंजेक्शनच्या बाबतीत उलट टोकही दिसते. दर सहा महिन्यांनी, प्रत्येक खरचटण्याला ‘टीटी’ घेणारे लोक आहेत. लसीकरण पूर्ण असेल, तर स्वच्छ किरकोळ जखमेसाठी शेवटचा डोस दहा वर्षांच्या आत झालेला पुरतो. माती लागलेल्या किंवा खोल जखमेसाठी पाच वर्षांच्या आतला.

कुत्र्याच्या दाताचा किंवा नखाचा ओरखडा दिसायला याहून किरकोळ असतो आणि त्यावर तिखट, चुना किंवा हळद दाबून गप्प बसणारे आजही आहेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसली, की तो जवळजवळ नेहमी जीव घेतो. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि ते साबणाने फाटते. म्हणून साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस. रक्त आले असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. तिखटाने त्वचेची आग होऊन इजा वाढते आणि विषाणू तिथेच राहतो.

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावरच्या चुन्यामागे शाळेतले रसायनशास्त्र असते. विष आम्ल, चुना अल्क, दोघे मिळून शून्य. पण विष त्वचेखाली टोचलेले असते, चुना वर राहतो आणि दुखते ते मुख्यतः विषातील प्रथिनांमुळे. मधमाशीचा काटा जागेवर असेल तर तो खरवडून काढावा की चिमटीत धरून, याचा खल करू नये. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या प्रयोगात पद्धतीने फरक पडला नाही, काढायला लागलेल्या सेकंदांनी पडला. नंतर गार पाण्याची पट्टी. घसा आवळल्यासारखा झाला, अंगभर गांधी उठल्या किंवा चक्कर आली, तर थेट रुग्णालय.

नवा बटवा मेडिकलच्या काउंटरवर

आजीच्या लेपाला हसणारा नातू नायट्यावर काय लावतो? बहुधा मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली, स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब. स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते आणि बुरशी आत निवांत पसरते. ट्यूब बंद केली, की दुप्पट चट्टे. घरात एकच टॉवेल असला, तर सगळ्या कुटुंबाला. औषधांना न जुमानणाऱ्या बुरशीची जी जात २०२० मध्ये वेगळी ओळखली गेली, तिच्या नावातच ‘इंडोटिनिए’ आहे. स्टिरॉइड असलेली १४ प्रकारची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असे केंद्र सरकारने २०१८ मध्ये अधिसूचित केले. काउंटरवर त्याचा परिणाम किती झाला, हे ज्याचे त्याने पाहावे.

नागिणीबाबत तर नावच घात करते. कमरेभोवती अर्धवट पट्ट्यासारखे फोड येतात आणि ‘तोंड शेपटीला मिळाले तर माणूस जातो’ या भीतीने दुर्वा-तांदळाचे लेप सुरू होतात. हा कांजिण्यांचाच, मज्जातंतूत दडून राहिलेला विषाणू आहे. तो शरीराच्या एका बाजूच्या मज्जातंतूच्या वाटेनेच फिरतो, म्हणून विळखा बहुधा पूर्ण होतच नाही. विषाणूरोधक गोळ्यांचा सर्वाधिक उपयोग फोड आल्यापासून ७२ तासांत होतो. लेपात गेलेले तीन दिवस म्हणजे नेमके तेच. पुढे महिनोन्‌महिने राहणारी आग वृद्धांना झोपू देत नाही.

घरी कधी थांबू नये?

भाजलेला भाग रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा असेल, चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांगावर असेल, विजेने किंवा रसायनाने भाजले असेल, किंवा भाजूनही जागा पांढरी पडून दुखत नसेल, तर पाणी धरून लगेच डॉक्टर गाठावेत. न दुखणे हे इथे वाईट लक्षण आहे, कारण मज्जातंतूही जळालेले असतात. दहा मिनिटे सलग दाबूनही रक्त थांबत नसेल, लाली पसरत असेल, ताप आला असेल, तरीही.

मधुमेही व्यक्तीच्या पायाला मात्र ‘किरकोळ’ हा शब्दच लावू नये. संवेदना गेल्याने गरम पाण्याचा शेक किती गरम आहे, हे त्यांना कळत नाही. टाचेच्या भेगेतला बिब्बा किंवा कुरुपावरची मेडिकलमधली आम्लयुक्त पट्टी खोल जाते, तेव्हाही कळत नाही. अशा घरात रोज रात्री कुणीतरी त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. शेकायचे पाणी असेल, तर ते आधी दुसऱ्या कुणाच्या तरी कोपराने तपासावे.